परदेशात मोडलेली घडी

आमच्या घराण्यातून परदेशात पाऊल टाकणारी पहिली व्यक्ती माझी आई, आणि दुसरी मी. खरं तर मीच पहिली ठरले असते. पण सीमेच्या कमानीखाली माझ्या चपलेचा अंगठा तुटला, मी खाली वाकले, आणि तेवढ्यात आई पुढे निघून गेली. हा मान तिनं पुढं जन्मभर सोडला नाही.

परदेश म्हणजे नेपाळ. कुणाला हसू आलं असेल तर त्यांनी खुशाल हसून घ्यावं, मी थांबते. आमच्या नेवाशाकडच्या गावात तेव्हा परदेश मनमाडच्या पुढं सुरू व्हायचा, आणि आमची आई त्याआधी माहेर सोडून कुठल्या गावाला मुक्कामी गेली असेल तर ते बेलापूर.

मोठ्या दुष्काळाच्या आधीचा उन्हाळा होता तो. मी मॅट्रिकची परीक्षा दिली होती आणि मला नगरच्या कॉलेजात जायचं होतं. आमच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, ओसरीवर बसून निकाल देऊन टाकला होता. पोरीला शिकवायचं तर शिकवा, माझी ना न्हाई, पण मळ्यातला एक पैसाबी त्या कॉलेजात जायचा न्हाई. वडील आबांसमोर मान खाली घालायचे आणि आबा उठून गेले की वर करायचे, त्यामुळं त्यांच्याकडून काही होण्यासारखं नव्हतं. राहिली आई. आणि आईच्या मालकीचं म्हणाल तर एक पारडी, म्हशीचं चांगलं वाढलेलं रेडकू, तिच्या माहेरून आलेलं.

आता गंमत बघा. कॉलेजला पैसा नव्हता, पण पशुपतिनाथाला होता. नव्या विहिरीला पाणी लागावं म्हणून आबांनी तिकडच्या देवाला नवस बोलला होता. पाणी लागलं, तोवर आबांचे गुडघे गेले. वडिलांना उसाचं पाणी सोडून हलता येईना. तेव्हा नवस आबांचा, गुडघे आबांचे आणि प्रवास आईचा, असं ठरलं. नेवाशाहून एक यात्रा निघत होती, काशी करून नेपाळला जाणारी. त्यात आईनं आपलं नाव घातलं आणि आबांना सांगितलं की तिकडं परक्या मुलखात मला पाट्या वाचता येणार न्हाईत, पोरगी सोबत न्यावीच लागंल.

याच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडं बांगड्या भरणारी भाभी येऊन गेली होती. ही भाभी पंचक्रोशीतल्या प्रत्येक घराच्या आतल्या खोलीपर्यंत जायची, त्यामुळं तिला सगळं माहीत असायचं. तिनं आईचा हात दाबता दाबता सांगितलं की नेपाळात जपानच्या नायलॉनच्या साड्या मिळतात, फुलाफुलांच्या, मुठीत मावतील अशा, आणि आपल्याकडच्या बायका त्यासाठी वेड्या झाल्यात. कस्टमवाले पेटीतल्या साड्या काढून घेतात, पण अंगावर नेसलेल्या साडीला कोण हात लावतंय? आईनं दुसऱ्या दिवशी पारडी विकली. आबांना सांगितलं, यात्रेत दानधर्म करायचा हाय.

अशा आम्ही दोघी ऐन मे महिन्यात निघालो. बेलापूरच्या स्टेशनावर गाडीत बसलो तेव्हाच ऊन असं होतं की खिडकीच्या गजाला हात लावला तर बोटं उचलून घ्यावी लागत. पण ते आमचं ऊन होतं, ओळखीचं. पुढं पुढं गाडी जाऊ लागली तसं ऊन अनोळखी व्हायला लागलं. काशीला लोक डोक्याला ओले पंचे बांधून भिंतीच्या कडेनं पळत होते. लू चाललीय, असं म्हणत होते. आईनं मला विचारलं, लू म्हणजे काय? मी म्हटलं, गरम वारा. ती म्हणाली, मग तसं म्हनावं की, उगीच देवी आल्यासारखं काय नाव ठेवलंय.

काठमांडू मात्र थंडगार. घाट चढून बस वर गेली आणि मे महिन्यात आमच्या अंगावर काटा आला. तिथं आईची पहिली निराशा झाली. दुकानांच्या पाट्या मला धडाधड वाचता येत होत्या. अक्षरं आपलीच, देव आपलेच, गायी रस्त्यात बसलेल्या. आई चौकात उभी राहून म्हणाली, "पाट्या तुला वाचता येत्यात, मग ह्यो परदेश कसला?" आबांना पाट्यांचं कारण सांगून तिनं मला आणलं होतं ना, आणि पाट्या तर आपल्याच निघाल्या, त्यामुळं तिला आपलीच फसवणूक झाल्यासारखं वाटत होतं.

नवस फेडून आम्ही साड्यांच्या दुकानात शिरलो. दुकानदारानं एक साडी हवेत भिरकावली. ती पाण्यासारखी पसरली आणि गाद्यांवर आवाज न करता बसली. आईचा जीव तिच्यावर बसला. तिनं विचारून घेतलं, ही इथलीच का? दुकानदार म्हणाला, नाही, जपानची. आई माझ्या कानाशी लागली, ही परदेशाच्याबी परदेशातली हाय. पारडीचे सगळे पैसे तिनं दिले आणि सात साड्या घेतल्या.

आता नेसण्याचा प्रकार. परतीच्या दिवशी पहाटे धर्मशाळेच्या खोलीत आईनं कडी लावली. आई नऊवारीवाली. तिनं चार नायलॉनच्या साड्या एकीवर एक कमरेभोवती अशा गुंडाळल्या की जशी उसाच्या मोळीला दोरी आवळावी, आणि वरून आपलं नेहमीचं इरकली लुगडं काष्टा घालून नेसली. चांगली दिसत होती. खात्यापित्या घरची. तीन साड्या मला दिल्या. वर माझी सुती पाचवारी. मी तेव्हा काडीसारखी होते. आरसा नव्हता, पण आईनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडात पदर कोंबला. माझं तोंड काडेपेटीतल्या काडीचं आणि अंग अख्ख्या काडेपेटीचं झालं होतं.

काठमांडूच्या थंडीत हे सगळं फार सुखाचं वाटलं. मग बस घाट उतरायला लागली. एकेक वळणाला एकेक साडी मला कळायला लागली. ज्यांनी नायलॉन फक्त पंख्याखाली नेसलाय त्यांना सांगून उपयोग नाही. सुती कापड घाम पितं. नायलॉन घाम परत करतो. खाली सपाटीवर आलो तेव्हा माझ्या पाठीवरून जे पाणी निघालं होतं त्यावर आमची एक सरी भिजली असती.

सीमेवरच्या नाक्यावर पत्र्याची शेड होती. यात्रेतल्या बाकीच्या बायकांनी रुद्राक्ष आणि प्रसाद घेतलेला, त्यांना लगेच सोडलं. आम्ही दोघी निघालो तर टेबलामागच्या साहेबानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग अंगाकडं पाहिलं, मग पुन्हा तोंडाकडं. मोठा धिप्पाड माणूस, मिशा खाली उतरलेल्या, मानेवर ओला पंचा. झडती नाही, दरडावणी नाही. अगदी मायेनं म्हणाला, "बैठिए माताजी. आराम से."

बाकावर बसल्यावर मला त्याची पद्धत कळली आणि माझी कानशिलं आणखी तापली. हा साहेब बायकांची झडती घेतच नव्हता. तो फक्त बसवून ठेवत होता. वर तापलेला पत्रा, समोरून लू, आणि पंखा एकच, तोही त्याच्या टेबलावर त्याच्याकडं तोंड केलेला. कोपऱ्यात एक पडदा लावला होता आणि पडद्यामागं एक बाई साड्या ठेवून घ्यायला बसली होती. जिला सोसवेना तिनं आपण होऊन पडद्यामागं जायचं आणि निम्मी होऊन बाहेर यायचं. आमच्या शेजारी बसलेली एक थोराड बाई गेली ती सडसडीत मुलगी होऊन परत आली. साहेब प्रत्येकीला हात जोडून निरोप देत होता. शेवटी बाकावर आम्ही दोघीच उरलो.

मी आईला म्हटलं, जाऊ या का पडद्यामागं? तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढं बघत, ओठ न हलवता म्हणाली, "तुझं कॉलेज त्या पडद्यामागं ठिवून यायचं का? बस गप."

मी बसले. आई मात्र नुसती बसली नाही, ती रमली. आमच्या गुऱ्हाळात ती लग्न झाल्यापासून चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळ घालत आली होती. काहिलीतला रस उकळत असताना गडीमाणसं मागं सरकायची आणि ही पुढं सरकून चिपाडं सारायची. तिनं साहेबाशी गप्पा काढल्या. तिची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी है लावलेली. त्याला मुलं किती, गाव कुठलं, म्हस हाय का न्हाई, सगळं विचारून घेतलं. साहेबानं चहा मागवला. हा त्याचा शेवटचा डाव असावा, कारण चहा ओठाला लावता येणार नाही इतका उकळता होता. आईनं बशीत ओतून फुर्र केलं, बशी पालथी घातली आणि म्हणाली, गुळाचा न्हाई वाटतं. मग माझाही प्याली.

तेवढ्यात लाईट गेली. साहेबाचा पंखा दोनदा कण्हला आणि थांबला. आता मात्र शेडमध्ये सगळे सारखे झाले. साहेबाचा शर्ट छातीला चिकटला, मिशांच्या टोकांना थेंब लटकले. आईला त्याची दया आली, आणि ही दया खरी होती हे मी शपथेवर सांगते. ती उठली, पिशवीतला ताडाचा पंखा काढला आणि त्याच्या शेजारी उभी राहून त्याला वारा घालू लागली. चार साड्या आणि वर एक लुगडं नेसलेली बाई कस्टमच्या साहेबाला वारा घालतेय, हे बघून मला हसू फुटलं. घशात कोंडलं तर पोटात उतरलं, आणि पोट हलल्याबरोबर आतल्या साडीची गाठ सुटली.

नायलॉन फार निसरडा. मला कळायच्या आत माझ्या घोट्याजवळ केशरी फुलांचा एक काठ बाहेर आला आणि हळूहळू फरशीवर उतरायला लागला. साहेबाची नजर तिथं गेली. आईचा पंखा क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"बेटी, अंदर और एक साड़ी है?" साहेबानं विचारलं.

आई बोलली. आमच्याकडं लग्नाच्या पोरी दोन दोन नेसतात, म्हणाली.

"इतनी गर्मी में?"

आईनं शेडच्या बाहेर पाहिलं. बाहेर रस्ता पांढरा झाला होता, एक कुत्रं नळाखाली उताणं पडलं होतं. तिनं वळून साहेबाकडं पाहिलं आणि अगदी निरागस तोंडानं विचारलं, "गरमी? किधर है गरमी? हमारे उधर इसकू सकाळ बोलते है."

साहेब तिच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या मिशा हलायला लागल्या. आधी खांदे हसले, मग पोट, मग तो टेबलावर डोकं ठेवून हसला. पडद्यामागची बाई काय झालं म्हणून बाहेर येऊन बघू लागली. त्यानं डोळे पुसले, ओला पंचा पिळला आणि दाराकडं हात केला.

"जाइए माताजी," तो म्हणाला. "आप बैठी रहीं तो मैं ही बेहोश हो जाऊँगा."

मी केशरी काठ मुठीत धरून दारापर्यंत चालत आणि दारापासून पळत गेले. आई मागून राणीसारखी येत होती. जाताना तिनं ताडाचा पंखा त्या साहेबाला देऊन टाकला.

भाभीची ताकीद होती की गंगेच्या बोटीत चढल्याशिवाय अंगावरचं काही उतरवायचं नाही. म्हणून सीमेपासून गंगेपर्यंत जाणाऱ्या छोट्या रुळांच्या गाडीतही आम्ही तशाच कोंबून बसलो. पहाटे पाटण्याच्या अलीकडच्या घाटावर बोटीत चढलो, बायकांच्या आडोशाला गेलो आणि सुटलो. गंगेवरचा वारा अंगाला लागला तेव्हा मला वाटलं, मी आत्ताच जन्मले. मी हसत होते, गिरक्या घेत होते, साहेबाची नक्कल करत होते. आई साड्या घड्या करून मांडीवर ठेवत होती. सहावी ठेवली, सातवी हातात घेतली, आणि तिचे हात थांबले.

"अगं," ती म्हणाली. "घडी मोडली की."

मी अजून गिरकीतच होते. मला कळायला वेळ लागला. आमच्याकडं नवी साडी पहिल्यांदा नेसणं म्हणजे तिची घडी मोडणं. जिनं घडी मोडली, साडी तिची झाली. मग ती नवी म्हणून कुणाला देता येत नाही, आणि विकायची तर बोहारणीला. मानपानात कुणी घडी मोडलेली साडी दिली तर विहीण जेवत्या ताटावरून उठते. आणि आम्ही दोघींनी मोठ्या हुशारीनं, पहाटे उठून, कडी लावून, एक नाही दोन नाही, सातही साड्यांच्या घड्या मोडल्या होत्या. साहेबाला जे जमलं नाही ते आम्ही स्वतःच करून ठेवलं होतं.

पाटण्यापासून मनमाडपर्यंत आई बोलली नाही. माझी आई आणि बोलत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी खिडकीबाहेर बघत होते आणि प्रत्येक स्टेशनात माझं कॉलेज उतरून जाताना दिसत होतं. पारडीही गेली होती.

गावात आल्यावर व्हायचं तेच झालं. भाभीनं आमच्या साड्यांची वर्दी आधीच देऊन ठेवली होती, त्यामुळं पाटलीणबाई पहिल्या दिवशीच आल्या. साडी बोटांत घेतली, गालाला लावली, उजेडात धरली. मग घडीच्या रेषा बघितल्या आणि भुवया वर गेल्या.

"नेसलेली दिसती," त्या म्हणाल्या.

मी बघितलं, तिच्या चेहऱ्यावर पाटणा ते मनमाड सगळा रस्ता पुन्हा आला होता. आणि मला ते बघवेना. मी काही विचार केला नाही. उठले, आबांचा पंचा ओला करून मानेवर टाकला, पाट ओढून त्यावर साहेब होऊन बसले आणि म्हणाले, बैठिए माताजी, आराम से.

पुढचा अर्धा तास मी एकटीच ती शेड होते. साहेब मी, आई मी, निम्मी होऊन आलेली बाई मी, पंखा मी. चहा फुर्र केला तेव्हा पाटलीणबाईंनी भिंतीला पाठ टेकली. घोट्याजवळ काठ आला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. सकाळ बोलते म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ओसरीवरून आबांच्या खोकल्याचा आवाज आला, जो नेहमीच्या खोकल्यासारखा नव्हता.

आई सावरली होती. गोष्ट संपायच्या आत तिला तिचा माल कळला होता.

"ही ती केशरी," तिनं साडी पाटलीणबाईंच्या मांडीवर ठेवली. "कुमारिकेनं घडी मोडलेली. पशुपतिनाथाच्या गावात मोडली, वैनी. तुमच्या थोरलीचं औंदा जमवायचं हाय न्हवं? दुकानातली कोरी काय कुनीबी आनंल."

पाटलीणबाईंनी साडी पदराखाली घेतली.

दुसऱ्या दिवशी भाभी बांगड्यांच्या टोपलीत गोष्ट घालून गावोगाव हिंडली. बायका यायला लागल्या. मी गोष्ट सांगायची आणि शेवटी आईनं साडी काढायची, असं आमचं बसलं. मुलगी लग्नाची असेल तर कुमारिकेनं घडी मोडलेली. नवी सून असेल तर सवाष्णीनं मोडलेली, तीही पाच लेकरांच्या आईनं. गोष्ट रोज थोडी वाढत होती. चौथ्या साडीपर्यंत साहेबाकडं बंदूक आली. सहाव्या साडीला लूमध्ये एक कावळा पडला. भाभी दाराशी बसून अगदी कोऱ्या चेहऱ्यानं म्हणायची, हां, मैंने भी सुना. सातवी साडी आईच्या अगदी आतली होती. तिच्यासाठी पाथर्डीकडून आलेल्या दोन बहिणी भांडल्या आणि शेवटी वर्षाआड नेसायचं ठरवून दोघींनी मिळून घेतली.

निकाल लागला, मी पास झाले. कॉलेजात नाव घालायच्या शेवटच्या दिवशी सकाळी आईनं माझी पेटी ओसरीवर आणून ठेवली, आबांच्या समोर. वडील भिंतीशी उभे होते, मान अर्थातच खाली. आई दाराच्या आत उभी राहून पदर सारखा करत म्हणाली, "मामंजी, पोरगी आज नगरला चालली. मळ्यातला पैसा न्हाई घेतला."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांना सगळं ठाऊक होतं, सातही वेळा त्यांनी ओसरीवर बसून ऐकलं होतं. तरी विचारलं, मग कुठला हाय?

"परदेशातला," आई म्हणाली.

आबांनी माझ्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं. शब्द दिलेला माणूस होता तो, आणि शब्दाच्या आत आम्ही बसत होतो. त्यांनी वडिलांकडं वळून आवाज चढवला.

"बघत काय ऱ्हायला? गाडी जुंप. फाट्यावरची एसटी काय पोरीसाठी थांबनार हाय व्हय?"

वडिलांनी मान वर केली आणि असे धावत सुटले की एक बैल आमचा आणि एक शेजाऱ्याचा आणून जुंपला. दोघांची चाल कधी जमलीच नाही. गाडी गावातून तिरकी तिरकी निघाली, आई पेटी धरून आणि मी आईला धरून बसले होते, आणि फाटा येईपर्यंत आम्हा तिघांपैकी कुणालाच हसू आवरलं नाही.